सुईची भीती आणि दवाखान्याची वाट
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज पुस्तकातला धडा बाजूला ठेवू या. आज लसीविषयी बोलू.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी लहान मुले आहेत, नातवंडे आहेत. लस टोचण्याचा दिवस जवळ आला की घरात बोलणे सुरू होते. सून म्हणते, "नेऊन आणते." सासू म्हणते, "राहू दे, मागच्या वेळी रात्रभर रडला." नवरा म्हणतो, "उद्या रोज बुडवायचा नाही." दिवस निघून जातो. तिकडे सिस्टर आपल्या वहीत त्या मुलाच्या नावापुढे एक शब्द लिहिते : नकार.

आम्हाला आज या एका शब्दाची उकल करायची आहे. धुळे आणि जळगाव या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत, तापीकाठच्या गावांपासून सातपुड्यातल्या पाड्यांपर्यंत, हा शब्द वहीत पडतो. वही वर जाते. वरचे लोक म्हणतात, "खेड्यातली माणसे अडाणी, म्हणून लस घेत नाहीत." आम्हाला हे पटत नाही. चांगली शिकलेली, बंगल्यात राहणारी माणसेही मोबाइलवरचा निरोप वाचून मुलाची लस टाळतात. त्यांना कोणी अडाणी म्हणत नाही. मग खेड्यातल्या माणसालाच का म्हणावे?

आमचे म्हणणे असे आहे. काही घरांच्या आड भीती येते. काही घरांच्या आड वाट येते. भीतीची समजूत एक, वाटेची तोड दुसरी. वहीत दोघींना एकच नाव दिले की समजूतही घातली जात नाही आणि वाटही होत नाही.

आधी भीतीचे बोलू. ही भीती आजची नव्हे.

तुमच्यात जे पन्नाशी ओलांडलेले आहेत त्यांनी बाही वर करून पाहावे. हातावर एक मोठा वाटोळा व्रण असेल. तो देवीच्या लसीचा. तरुणांच्या डाव्या दंडावर लहानसा व्रण दिसतो, तो क्षयाच्या लसीचा. तो वेगळा. देवीचा व्रण तरुणांच्या हातावर नाही, कारण देवीचा रोगच उरलेला नाही. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की साऱ्या जगातून देवी गेली.

पण ती सहज गेली नाही. इंग्लंडात जेन्नर नावाच्या डॉक्टरने १७९६ साली ही लस शोधली. आपल्या देशात ती पहिल्यांदा मुंबईत दिली गेली. तारीख होती १४ जून १८०२, आणि लस घेणारी होती ॲना डस्टहॉल नावाची तीन वर्षांची मुलगी. तेव्हा लस बाटलीतून येत नसे. लस दिलेल्या मुलाच्या हाताला फोड येई. त्या फोडातले पाणी घेऊन दुसऱ्या मुलाच्या हातावर टोचत. दुसऱ्याच्या फोडातले तिसऱ्याच्या हातावर. आता सांगा, परक्या मुलाच्या फोडातले पाणी आपल्या लेकराच्या अंगात घालायला कोणती आई हौसेने तयार होईल? त्यात जातपातीचे सोवळे. त्यात देवीला लोक रोग मानत नसत, माय मानत. घरी माय आली असताना तिला सुईने डिवचायचे कसे? देवी काढणारा गावात आला की बाया पोरे काखेला मारून रानात पळत. पळणाऱ्या बायांना हसणे सोपे आहे. त्यांच्याजवळ बसून त्यांना कोणी समजावले होते काय, हे कोणी विचारत नाही.

मग प्लेग आला. १८९६ साली तो मुंबईत शिरला. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने मुंबईतच त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. आपल्या अंगावर घेतले, मग लोकांना सांगितले. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. आणि त्याच पुण्यात सरकारने रोगी शोधायला गोरे सोल्जर घरात घुसवले. बायकांच्या अब्रूची पर्वा ठेवली नाही, सामान रस्त्यावर टाकले. लोक इतके संतापले की २२ जूनला प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. रोग एकच. पण एकीकडे सेवा करणारा हात होता, दुसरीकडे दार फोडणारा. लोकांनी दोन्ही हात ओळखले.

पुढे १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. सारा दोष हाफकिनवर आला. त्याला कामावरून दूर केले. पण बाकी बाटल्यांनी कोणाला काही झाले नव्हते. मेली ती १९ माणसे एकाच बाटलीतली. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट शुद्ध न करता वापरला, असे चौकशीतून पुढे आले. म्हणजे विष लसीत नव्हते, मातीत होते. हाफकिनचे नाव साफ व्हायला १९०७ साल उजाडले.

ही जुनी गोष्ट आम्ही मुद्दाम सांगितली. कोणी म्हणाले की "सुईने माणूस मेल्याचे ऐकले आहे," तर त्याला एकदम खोटे पाडू नये. कधी काळी असे घडले आहे. त्यातूनच पुढे सुधारणा झाल्या. आज सरकारी लसीची सुई एकदा वापरली की आपोआप अडकते, पुन्हा भरताच येत नाही. पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. तो तुमचा हक्क आहे. चांगली सिस्टर रागावणार नाही.

आणखी एक भीती आहे. ती लोक मोठ्याने बोलत नाहीत, हळूच सांगतात. "ही सुई घेतली की मूल होत नाही." ही भीती कुठून आली? आणीबाणीच्या काळात, १९७५ ते १९७७ मध्ये, नसबंदीसाठी गावोगाव जबरदस्ती झाली. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. पण सरकारी जीप दिसली की पुरुष शेतात लपत, ही आठवण घराघरांत राहिली. आजोबांनी बापाला सांगितली, बापाने मुलाला. लसीने वांझपण येत नाही, नपुंसकपणा येत नाही. हे पक्के आहे. पण ज्या घराची अशी आठवण आहे, त्या घराला "मूर्ख आहात" म्हणून ती पुसता येत नाही.

आता मोबाइलची अफवा. ती कशी धावते हे आपल्या धुळे जिल्ह्याने पाहिले आहे, आणि फार वाईट पाहिले आहे. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातले राईनपाडा. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप आणि चित्रे व्हॉट्सॲपवर कितीतरी दिवस फिरत होती. त्या दिवशी बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भटके लोक आले होते. भिक्षा मागून पोट भरणारे. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. पाचही जण जिवानिशी गेले. टोळी कुठेच नव्हती.

त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला राज्यात गोवर-रुबेलाच्या लसीची मोठी मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना ती द्यायची होती. निरोप पुन्हा फिरले : या सुईने मुले आजारी पडतात, पुढे त्यांना मुले होणार नाहीत. काही उर्दू शाळांत आईबापांनी मुले शाळेतच पाठवली नाहीत. यावरून कोणी एका समाजाकडे बोट दाखवील, तर ते बरोबर नाही. निरोप सगळ्यांच्याच मोबाइलवर येतो. आणि त्याला उत्तर कोणी दिले? त्याच मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी, शाळेच्या मास्तरांनी, मशिदीतल्या मौलवींनी. उत्तर प्रदेशात पोलिओच्या थेंबांविषयी हेच झाले होते. बाहेरचे शंभर लोक सांगून थकले. ओळखीच्या माणसाने स्वतःच्या नातवाला थेंब पाजले, तेव्हा दारे उघडली. जानेवारी २०११ नंतर देशात त्या जंगली पोलिओचा एकही रुग्ण झाला नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती मनाच्या स्वभावाची आहे. ती ज्याने त्याने आपल्याशी पडताळून पाहावी. आईने मुलाला सुई टोचवून आणली आणि रात्री त्याला ताप आला, तर घर तिला बोलते. "तूच नेलेस ना?" तिने नेले नाही आणि सहा महिन्यांनी मुलाला गोवर झाला, तर तिला कोणी बोलत नाही. तो देवाघरचा समजतात. केलेल्या कामाचा दोष माणसावर येतो, न केलेल्याचा येत नाही. म्हणून घरची सून गप्प राहणे पत्करते. तिला भीती सुईची नसते. तिला भीती असते घरच्या बोलण्याची. आमच्या अहिराणीत बाया विचारतात, "पोऱ्याले ताप उना ते कोन देखी?" हा प्रश्न विचारणारी बाई विरोध करत नाही. ती मदत मागते. तिला सांगावे, या सुईने एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. तो रोग नव्हे. तापाचे औषध सिस्टर देते, ते किती आणि केव्हा द्यायचे ते विचारून घ्यावे. टोचल्या जागी काही चोळू नये. लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसावे. ताप उतरलाच नाही किंवा मूल मलूल पडले, तर आशाताईला बोलवावे. एवढे आधी सांगितले असते तर सासूही रागावली नसती.

उलटही खरे आहे. आजच्या तरुण आयांनी घटसर्पाने गुदमरणारे मूल पाहिलेले नाही. बाळंतघरातला धनुर्वात पाहिलेला नाही. लसीने ते रोग दूर नेले. म्हणून लसीचा ताप तेवढा डोळ्यांसमोर राहतो. रोग दिसत नाही.

पण रोग फार लांब गेलेला नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला गोवर उसळला, आणि मालेगावातही. मालेगाव म्हणजे धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने तासाभराचे अंतर. आजारी पडलेल्या मुलांत लस न घेतलेलीच फार होती. गोवर हवेतून पसरतो. लस नसलेल्या वस्तीत एक रोगी बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. तो थोपवायला शंभरातल्या पंचाण्णव मुलांना लस लागते. ऐंशींनी घेतली तर पुरत नाही.

भीतीचे इतके बोललो. आता वाटेचे बोलू. खरे सांगायचे तर आम्हाला भीतीपेक्षा वाटच मोठी वाटते, पण तिच्याविषयी कोणी भाषण करत नाही.

समजा, चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत एक पाडा आहे. पावरा लोकांची वीस-पंचवीस घरे, आपापल्या शेतात विखुरलेली. डोंगरी आदिवासी भागात तीन हजार वस्तीला एक उपकेंद्र असावे, असा सरकारी हिशेब आहे. पण तीन हजार माणसे डोंगरात किती लांबवर पसरलेली असतात, ते हिशेबात दिसत नाही. मध्ये नाला आहे. पावसाळ्यात नाला भरतो. एक आई पहाटे भाकरी टाकून, नऊ महिन्यांचे मूल पाठीला बांधून निघते. दीड तास चालून उपकेंद्रावर पोचते. तिथे आज तिचे एकच मूल गोवराच्या लसीला आले आहे. गोवराच्या लसीची बाटली एकदा उघडली की चार तासांत वापरावी लागते, नंतर फेकावी लागते. एका बाटलीत पुष्कळ मुलांची लस असते. सिस्टरला वाटते, एका मुलासाठी बाटली कशी फोडू? ती म्हणते, "बाई, पुढच्या महिन्यात या." सिस्टर वाईट नाही. तिला वाया गेलेल्या लसीचा जाब द्यावा लागतो. खरे तर एका मुलासाठीसुद्धा बाटली उघडावी, अशी सूचना आहे. पण ती सूचना त्या आईला कोण सांगणार?

आई परत जाते. दिवसाची मजुरी गेली, मूल उन्हात तापले, हाती काही नाही. पुढच्या महिन्यात ती येत नाही. आणि वहीत पडते : नकार.

दुसरे घर घ्या. साक्रीकडचे किंवा चाळीसगावकडचे. ऊसतोडीला जाणारे. मुकादमाची उचल घेतलेली, म्हणून दिवाळी झाली की नवरा-बायको कोयता घेऊन निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जातात, कोणी गुजरातेत. त्यांचे बाळ मे महिन्यात जन्मले. जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत, दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, अशा तिन्ही खेपा त्यांनी केल्या. एकही चुकवली नाही. आता नऊ महिन्यांची लस कधी येते? फेब्रुवारीत. फेब्रुवारीत ते बाळ कुठे असते? परक्या जिल्ह्यात, उसाच्या फडात, कोपीत. तिथली सिस्टर म्हणते, ही आमच्या गावची नव्हेत. इथली म्हणते, ही गावात नाहीत. हे घर लसीच्या विरुद्ध आहे काय? ज्यांनी तीन वेळा मूल दवाखान्यात नेले, त्यांना विरोधी कसे म्हणायचे?

केळीच्या बागेत पहाटे कामाला जाणाऱ्या रावेर-यावलच्या बाईचे तेच. कापूस वेचणाऱ्या बाईचे तेच. लस टोचण्याची वेळ दहा ते चार. तिच्या मजुरीची वेळही तीच.

मग भाषा. आपल्याकडे घरात अहिराणी बोलतात, लेवा गणबोली बोलतात, पावरी, भिली, तडवी बोलतात, शहरात उर्दू बोलतात. आणि भिंतीवर काय लिहिलेले असते? 'नियमित लसीकरण सत्र.' हा 'सत्र' शब्द आमच्याही घशात अडकतो. 'बुधवारी अंगणवाडीत बाळांना लस टोचणार' असे लिहायला रंग काही जास्त लागत नाही!

कोरोनाच्या वेळी ही वाट किती अरुंद होते, ते सगळ्यांनीच पाहिले. आधी २०२० च्या जूनची गोष्ट आठवा. जळगावच्या सरकारी रुग्णालयातून कोरोनाची एक वृद्ध रुग्ण बेपत्ता झाली आणि आठ दिवसांनी तिचा मृतदेह तिथल्याच शौचालयात सापडला. ही बातमी घरोघर गेली. मग १६ जानेवारी २०२१ ला देशात लस सुरू झाली. तेव्हा दवाखान्याचे नाव काढले की लोक दचकत, यात नवल काय? त्यानंतर १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वर्षांच्या लोकांना लस खुली झाली. पण नाव नोंदवायचे कसे? मोबाइलवर, इंटरनेटवर. मोबाइल साधा असेल, डोंगरात रेंज नसेल, वाचता येत नसेल, तर नाव लागत नाही. सुरुवातीला ती पाने इंग्रजीत होती. मराठी आली जूनमध्ये. ज्याची बोटे चपळ त्याला लस मिळाली. सर्वोच्च न्यायालयानेही तेव्हा सरकारला विचारले की ज्यांच्याकडे ही साधने नाहीत त्यांनी काय करावे. पुढे केंद्रावर जाऊन नाव लावायची सोय झाली, २१ जूनपासून सरकारी लस सर्वांना मोफत झाली, आणि नोव्हेंबरात लोक घरोघर लस घेऊन आले. तोपर्यंत "लस घेतली तो दोन वर्षांत मरतो" हा निरोप पाड्यापाड्यावर पोचला होता. निरोपाला नाव नोंदवावे लागत नाही.

तो निरोप खोटा ठरला. आपण इथे बसलो आहोत. पण खरे तेही सांगितले पाहिजे. कोविशिल्ड लसीने फार क्वचित कोणाला रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, हे पुढे मान्य झाले आहे. हे लपवू नये. लपवलेली गोष्ट उद्या बाहेर आली की माणूस गोवराच्या लसीवरचाही विश्वास टाकतो. 'कधीच काही होत नाही' असे सांगणाऱ्यापेक्षा 'क्वचित होते, झाले तर मी इथे आहे' असे सांगणाऱ्याचे लोक ऐकतात.

आता आपल्या हातातले थोडे.

तुम्ही अक्षरे शिकलात. अंक शिकलात. बाळाचे लसीचे कार्ड तुम्हाला वाचता येते. त्यात डावीकडे लसीचे नाव असते, पुढे तारीख. ज्या चौकोनात तारीख नाही, ती लस राहिली. कार्ड पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवू नका. कामाला परगावी निघालात तर कपड्यांबरोबर कार्ड घ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. कोणत्याही सरकारी केंद्रावर लस मोफत मिळते, गाव कोणतेही असो. कार्ड हरवले म्हणून मूल परत पाठवायचे नसते. उशीर झाला तरी जावे. नऊ महिन्यांची गोवराची लस राहून गेली असेल, तर ती पाच वर्षांपर्यंत देता येते.

जिथे वाट लांब आहे तिथे पाच-सहा आयांनी ठरवून एकाच दिवशी जावे. मग बाटली फोडायला सिस्टरही मागेपुढे पाहणार नाही. आणि ग्रामसभेत एकच गोष्ट मागावी : कापूस वेचणीच्या आणि ऊसतोडीला निघण्याच्या आधीच्या आठवड्यात लसीचा एक जादा दिवस पाड्यावर, संध्याकाळी. ग्रामसभेत बायांनी बोलले पाहिजे, कारण दीड तास चालतात त्या बाया.

शेजारीण लस नको म्हणाली, तर तिला लगेच समजावू नका. आधी विचारा, "का गं?" ती ताप म्हणेल, सासू म्हणेल, रोज म्हणेल, नाला म्हणेल. जे म्हणेल त्याचे उत्तर वेगवेगळे आहे.

मागच्या वर्गात आम्ही कार्डे आणायला सांगितली होती. ज्यांनी आणली आहेत त्यांनी ती आता काढावीत. ज्यांनी आणली नाहीत त्यांनी शेजारच्याच्या कार्डात पाहावे. पहिली ओळ बी.सी.जी. तिच्यापुढची तारीख मोठ्याने वाचा. मग खाली एकेक ओळ. रिकामा चौकोन आला की थांबा आणि हात वर करा.